एकत्र राहतो, सही

दर जानेवारीत एक कागद घरी येतो,
म्हणजे विश्रामच्या शर्टाच्या खिशातून,
चार घड्या घातलेला, घामाने मऊ.
वर कंपनीचा शिक्का, खाली दोन रेघा,
मधे एकच वाक्य:
आम्ही पती-पत्नी एकत्र राहतो.

त्या वाक्याची किंमत महिना एकशे ऐंशी रियाल.
सोहारमधलं हे दोन खोल्यांचं घर, एसीचं बिल,
वर्षातून एकदा दोघांची गोव्यापर्यंतची तिकिटं,
माझ्या दाढेचं रूट कॅनाल,
सगळं त्या वाक्याच्या पोटात.

मागच्या उन्हाळ्यात मी हिशेब मांडला
वाणसामानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर.
वेगळे झालो तर त्याला कॅम्पात एक खाट,
वर दुसऱ्याचं घोरणं, खाली तिसऱ्याचे बूट.
मला तीस दिवस आणि एका बाजूचं तिकीट.
एकशे ऐंशीचे अर्धे नव्वद, असं शाळेत शिकवलं होतं.
इथे एकशे ऐंशीचे अर्धे शून्य.
दोनदा.

फॉर्मवर ‘विभक्त’ असा रकानाच नाही.
खिडकीमागच्या शेखाने नखाने दाखवलं:
अविवाहित, विवाहित, घटस्फोटित, विधवा.
“यांतली तू कोण?” कामगारांकडून उचललेल्या हिंदीत तिने विचारलं.
मी म्हटलं, नंतर येते.
तिने पेनाला टोपण लावलं.
“गुरुवारी दुपारी ये. गर्दी नसते.”

मग आम्ही एकत्र राहिलो.
तो हॉलमध्ये, मी आत.
फ्रिजचा वरचा कप्पा माझा, दारातले त्याचे.
कोकमाचं आगळ तेवढं दोघांचं,
कारण बाटली एकच, वेंगुर्ल्याहून आलेली.
भट्टीवरची रात्रपाळी आटपून तो पहाटे येतो,
किल्ली अशी फिरवतो की पोटभाडेकरू वाटावा.
मी जागी असते.
झोपेचं सोंग, एवढंच सौजन्य उरलंय आमच्यात.

फेब्रुवारीत तपासायला माणूस आला.
फाइल, उदाचा वास, तीन जिने चढल्याची धाप.
त्याआधी विश्रामने आपली गादी गुंडाळून
माझ्या पलंगाखाली सारली होती,
मी त्याचा ब्रश माझ्या ग्लासात ठेवला होता.
त्याने यातलं काहीच पाहिलं नाही.
खिडकीतून बंदराच्या क्रेन बघत बसला.
म्हणाला, माझी बायको सूरला असते, तिच्या आईकडे,
दोन वर्षं झाली.
मी चहा केला. त्याने आपला कप उचलला, आणि उगाच विचारलं,
“तुम्ही साखर किती घेता?”
“हिला नको,” विश्राम म्हणाला, “मला दीड.”
मी तेव्हा त्याच्या कपात अर्धा चमचा घालत होते,
एकावरचा.
माणसाने कागदावर खूण केली आणि गेला.

त्या रात्री वारा समुद्राकडून होता,
त्यात मीठ आणि प्लांटचा जळका वास.
हॉलच्या अंधारातून तो म्हणाला,
“फुडच्या वर्साक मी सही करूचंय नाय.”
मी म्हटलं, बरं.
“मगे तू खंय जातलंस?”
“घरी. शिवणाचं मशीन आहे अजून.”
बराच वेळ काही नाही. शेजारच्या पाकिस्तान्याचा टीव्ही.
मग:
“तेल घालूक लागतला मशीनीक.”

बँकेत काउंटरवर पोऱ्याने आकडा छापून दिला.
तीनशे बारा रियाल, चारशे पंच्याहत्तर बैसा.
विश्रामने पावतीच्या पाठीवर भागाकार केला,
जीभ गालात घालून, पोरासारखा:
प्रत्येकी एकशे छप्पन्न, दोनशे सदतीस.
एक बैसा उरला.
एवढं लहान नाणं नसतं इथे.
मागे रांग वाढत होती, कुणीतरी खाकरलं.
“ऱ्हांव दे थयच,” तो म्हणाला.

म्हणून खातं बंद झालेलं नाही.
महिन्यातून एकदा मला वेंगुर्ल्यात मेसेज येतो,
दोघांच्या नावाने:
शिल्लक शून्य पूर्णांक शून्य शून्य एक.